रूम नंबर २१७ मधली रात्र: झपाटलेल्या हॉटेलात माणसाला नेमकं काय होतं?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरपासून गाडीने दीड-दोन तासांवर एस्टेस पार्क नावाचं डोंगरातलं गाव आहे. रॉकी माउंटन नॅशनल पार्क बघायला जाणारी बहुतेक माणसं याच गावातून पुढे जातात. गावाच्या वरच्या अंगाला पांढऱ्या भिंतींचं, लाल छपराचं एक भलंमोठं हॉटेल आहे. त्याचं नाव द स्टॅनली. झपाटलेल्या हॉटेलांच्या जवळपास प्रत्येक यादीत ते असतंच. लोक मुद्दाम पैसे मोजून तिथे रात्र काढतात आणि त्यातले काहीजण सकाळी खरोखरच काहीतरी अनुभवून बाहेर पडतात. कुणाला रिकाम्या मजल्यावर पावलं वाजल्याचं ऐकू आलेलं असतं, कुणाला पलंगाच्या कडेला कुणीतरी बसल्याचं जाणवलेलं असतं, कुणाला मध्येच गारठा भरलेला असतो, तर कुणाला छातीवर ओझं आल्यासारखं झालेलं असतं.

अशा माणसाला "भास झाला तुला" म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. त्याला जाणवलं ते जाणवलंच. ते आलं कुठून, एवढाच प्रश्न आहे. झोप आणि मेंदूवर गेल्या काही दशकांत जे संशोधन झालं, त्यातून या प्रश्नाचं बरंचसं उत्तर हाती लागतं. पण आधी हॉटेलची गोष्ट, कारण पाहुण्याच्या रात्रीची सुरुवात त्या गोष्टीपासूनच होते.

हॉटेल आणि त्याची गोष्ट

फ्रीलन ऑस्कर स्टॅनली आणि त्याचा जुळा भाऊ वाफेवर चालणाऱ्या मोटारी बनवत. फ्रीलनला क्षयरोग झाला आणि १९०३ मध्ये तो कोरड्या, स्वच्छ हवेसाठी एस्टेस पार्कला आला. त्याला तिथे इतकं बरं वाटलं की त्याने स्वतःच एक आलिशान हॉटेल बांधलं. ते १९०९ च्या जुलैमध्ये सुरू झालं. १९११ च्या जून महिन्यात एका रात्री, आज जी २१७ नंबरची म्हणून ओळखली जाते त्या खोलीत ॲसिटिलीन वायूची गळती झाली. हॉटेलात काम करणारी एक बाई पेटता दिवा घेऊन आत गेली आणि मोठा स्फोट झाला. जमीन फुटली, ती खालच्या मजल्यावर कोसळली. जखमी झाली, पण वाचली.

आज सांगितली जाणारी कथा अशी की तीच बाई २१७ मध्ये येते, पाहुण्यांचे कपडे घड्या घालून ठेवते, सामान आवरते. जी बाई त्या खोलीत मेलीच नाही, तिचं भूत त्याच खोलीत कसं आलं, हे फारसं कुणी विचारत नाही. खुद्द स्टॅनलीही हॉटेलात दिसतो म्हणे, पण तो १९४० मध्ये दूर मॅसॅच्युसेट्समध्ये, न्यूटन गावी वारला.

हॉटेलला आजची प्रसिद्धी मिळाली ती एका कादंबरीमुळे. १९७४ मध्ये भयकथा लिहिणारा लेखक स्टीफन किंग बायकोबरोबर तिथे मुक्कामाला आला. हंगाम संपत आला होता, हॉटेल हिवाळ्यासाठी बंद होणार होतं, कर्मचारी आवराआवर करत होते आणि एवढ्या मोठ्या इमारतीत हे दोघंच पाहुणे होते. त्यांना २१७ नंबरची खोली मिळाली. रात्री किंगला स्वप्न पडलं की आग विझवायची लांब नळी आपल्या लहान मुलाचा पाठलाग करते आहे आणि तो किंचाळत व्हरांड्यांतून पळतो आहे. किंग घामाघूम होऊन उठला, सिगारेट पेटवून खिडकीशी बसला आणि ती संपेपर्यंत 'द शायनिंग'चा सांगाडा त्याच्या डोक्यात तयार झाला होता. कादंबरी १९७७ मध्ये आली, १९८० मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला.

चित्रपटाचं बाहेरचं चित्रण स्टॅनलीत झालं नाही. ते झालं ऑरेगॉनमधल्या टिंबरलाइन लॉजवर. कादंबरीतली खोली २१७ नंबरचीच होती, आणि लॉजच्या व्यवस्थापनाला काळजी वाटली की चित्रपट बघून पाहुणे त्यांच्या २१७ मध्ये राहायला घाबरतील. म्हणून पडद्यावर नंबर २३७ केला गेला, कारण त्या लॉजमध्ये त्या नंबरची खोलीच नव्हती. प्रत्यक्षात घडलं उलटंच. आज स्टॅनलीची २१७ नंबरची खोली मिळावी म्हणून लोक खूप आधीपासून बुकिंग करतात. हॉटेलात भुतांच्या टूर चालतात, खोलीतल्या टीव्हीच्या एका चॅनेलवर तोच चित्रपट पुन्हापुन्हा लागत असतो आणि २०१५ मध्ये समोरच्या हिरवळीवर चित्रपटातल्यासारखा झुडपांचा भूलभुलैयाही लावला गेला.

म्हणजे पाहुणा दाराला किल्ली लावतो तेव्हाच त्याला कुठे बघायचं आणि काय ऐकायचं हे माहीत झालेलं असतं. याचा परिणाम किती मोठा असतो, हे १९९७ मध्ये रेन्स लँग आणि जेम्स हौरन या संशोधकांनी एका नाट्यगृहात तपासलं. त्या नाट्यगृहाबद्दल भुताखेतांची कसलीही वदंता नव्हती. एका गटाला सांगितलं, ही जागा झपाटलेली आहे. दुसऱ्याला सांगितलं, इथे दुरुस्तीचं काम चालू आहे. दोन्ही गट त्याच जागांतून फिरले. विचित्र अनुभव ज्यांना 'झपाटलेली' असं सांगितलं होतं त्यांनी कितीतरी जास्त नोंदवले.

आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अमावास्येच्या रात्री लोकांना घेऊन स्मशानात जातात, तिथे बसतात, गप्पा मारतात, खातात. अंधार तोच, जागा तीच, पण सोबत आलेल्यांना वेगळी गोष्ट सांगितलेली असते. माझ्या मते त्या उपक्रमाची खरी ताकद यातच आहे.

अर्धा मेंदू जागा

आता रात्रीचे अकरा वाजले आहेत. दिवा मालवला आहे, झोप येत नाही. आली तरी वरवरची. नवीन जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव आहे. झोपेचे प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञांना १९६० च्या दशकापासून हे माहीत होतं, म्हणून ते पहिल्या रात्रीची नोंद बहुतेकदा बाजूलाच ठेवत. असं का होतं, हे मात्र २०१६ मध्ये कळलं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात युका सासाकी, मासाको तामाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनोळखी जागी झोपलेल्या लोकांच्या मेंदूची हालचाल मोजली. त्यांना दिसलं की पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही. त्याच्यातलं एक जाळं सावध राहतं. उजव्या कानात, म्हणजे ज्याचा आवाज मुख्यतः डाव्या मेंदूकडे जातो त्या कानात, हलकासा 'बीप' वाजवला तर माणूस जास्त लवकर जागा व्हायचा. पुढच्या खेपेला त्याच जागी झोपवल्यावर हा फरक नाहीसा झाला.

डॉल्फिन तर नेहमीच अर्ध्या मेंदूने झोपतात, काही पक्षीही तसे झोपू शकतात. माणसात त्याचा एक क्षीण अंश शिल्लक असावा, असं या संशोधकांना वाटतं. सुगीच्या दिवसांत खळ्यावर सगळे झोपले तरी राखणीला एकजण जागा असतो, तसा हा डावा मेंदू. फरक इतकाच की राखणदाराला खळ्यावरचे नेहमीचे आवाज ठाऊक असतात. हॉटेलातल्या पहिल्या रात्री मेंदूला कुठलाच आवाज ओळखीचा नसतो. घरी फ्रिज सुरू होतो, पंखा कुरकुरतो, वरच्या मजल्यावरचे काका रात्री दोनला उठतात, आणि आपण ढिम्म हलत नाही. इथे पाइपात पाणी ठोकलं तरी काळजात धस्स होतं.

आणि स्टॅनलीसारख्या इमारतीत आवाजांना तोटा नाही. ती शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिच्यात भरपूर लाकूड आहे. डोंगरातलं हवामान असं की दुपार आणि रात्रीच्या तापमानात मोठा फरक पडतो. दिवसा तापून प्रसरण पावलेलं लाकूड रात्री आकसतं, सांध्यात सरकतं आणि 'कट्' वाजतं. एकामागून एक तुळया अशा वाजल्या की पावलं चालल्यासारखा आवाज होतो. एस्टेस पार्कचा हिवाळी वारा तर प्रसिद्धच आहे. त्यात गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटरवर आहे. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे, त्यावरून अंदाज येईल. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते, सपाटीवरून आलेल्या अनेकांची पहिल्या रात्रीची झोप त्यामुळेही तुटते. झोप जितकी तुटक, तितके मधले अर्धवट जागे क्षण जास्त, आणि पुढे पहाटे जे घडतं त्याला तेवढी जास्त वाव मिळते.

ऐकू न येणारा आवाज

या विषयावर वाचताना एक किस्सा हमखास भेटतो. इंग्लंडमधला इंजिनियर व्हिक टँडी एका प्रयोगशाळेत काम करत असे आणि ती जागा झपाटलेली असल्याचं बोललं जायचं. एका रात्री तो एकटाच असताना त्याला घाम फुटला, कुणीतरी बघत असल्यासारखं वाटलं आणि डोळ्याच्या कोपऱ्यात एक करडी आकृती दिसली. मान वळवली तर नाहीशी. दुसऱ्या दिवशी त्याने तलवारबाजीच्या खेळातलं आपलं पातं दुरुस्तीसाठी शिकंज्यात अडकवलं, तर ते आपोआप जोरात थरथरू लागलं. शोध घेतल्यावर कळलं की नव्याने बसवलेला एक पंखा हवेत सेकंदाला सुमारे १९ कंपनं निर्माण करत होता. आपल्या कानाला साधारण २० च्या खालची कंपनं ऐकू येत नाहीत. पंखा बंद केल्यावर सगळं थांबलं. टँडीने हे १९९८ मध्ये एका सहकाऱ्यासोबत प्रसिद्ध केलं.

अशा ऐकू न येणाऱ्या आवाजाला इन्फ्रासाउंड म्हणतात, आणि तेव्हापासून 'भूत म्हणजे इन्फ्रासाउंड' असं खूप ठिकाणी छापलं गेलं. इथे थोडं थांबायला हवं. २००९ मध्ये लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातले मानसशास्त्रज्ञ ख्रिस फ्रेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम एक खोली तयार केली, तिच्यात गुपचूप इन्फ्रासाउंड आणि विद्युतचुंबकीय क्षेत्र सोडण्याची सोय केली आणि ७९ जणांना आत पाठवलं. अनेकांना विचित्र वाटलं, कुणीतरी जवळ असल्याचंही वाटलं. पण यंत्रं चालू होती की बंद, याचा त्या अनुभवांशी संबंध दिसला नाही. खोलीत काहीतरी होऊ शकतं, हे सांगितल्यानेच बरंचसं काम झालं असावं. टँडीचा अनुभव खोटा ठरत नाही, पण प्रत्येक झपाटलेल्या खोलीचं उत्तर म्हणून तो पुरत नाही. भुतं शोधणारी मंडळी विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारे जे मीटर हातात घेऊन फिरतात, ते तर भिंतीतली वायर, लिफ्टची मोटर आणि खिशातला मोबाइल यांनाच दाद देत असतात.

पहाटेचे चार

आता या रात्रीचा सर्वांत महत्त्वाचा भाग. झपाटलेल्या खोल्यांतले सर्वांत भीतिदायक अनुभव बहुधा उत्तररात्रीचे असतात आणि त्याला कारण आहे.

झोपेत एक टप्पा असा येतो की डोळे पापण्यांखाली भराभर फिरतात आणि ठसठशीत स्वप्नं पडतात. याला आरईएम झोप म्हणतात. रात्रीच्या पहिल्या निम्म्यात ती थोडी असते, पहाटेकडे वाढत जाते. या टप्प्यात मेंदू हातापायांचे स्नायू जवळजवळ बंद करून टाकतो, नाहीतर स्वप्नात पळताना आपण खरंच पलंगावरून उडी मारली असती. कधीकधी जाग येते, पण स्नायूंचं हे कुलूप उघडलेलं नसतं आणि स्वप्नही पुरतं संपलेलं नसतं. डोळे उघडे, खोली जशीच्या तशी दिसते आहे, पण बोट हलत नाही, आवाज फुटत नाही. श्वास चालू असतो, पण तो आपल्या ताब्यात नसल्यामुळे छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. आणि खोलीत, बहुतेकदा दाराशी किंवा पलंगाजवळ, कुणीतरी आहे अशी ठाम जाणीव होते. काहींना ते दिसतंही. याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. तो काही सेकंद ते काही मिनिटं टिकतो आणि आपोआप जातो.

निरनिराळ्या अभ्यासांची बेरीज केली तर साधारण ८ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो, विद्यार्थ्यांमध्ये हे प्रमाण बरंच जास्त, २८ टक्क्यांच्या आसपास आहे. जपानमध्ये याला कानाशिबारी म्हणतात. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये छातीवर म्हातारी चेटकीण बसते, इजिप्तमध्ये जिन्न येतो, आपल्याकडे मुंज्या किंवा हडळ. अनुभवाचा सांगाडा जगभर तोच आहे: हलता न येणं, दडपण, शेजारी कुणीतरी. त्या 'कुणीतरी'ला चेहरा मात्र आपल्या गावातली गोष्ट देते. २१७ मध्ये तो चेहरा हॉटेलातल्या त्या बाईचा असतो.

हा प्रकार केव्हा जास्त होतो तेही माहीत आहे: झोप कमी झाली असेल, वेळापत्रक विस्कटलं असेल, लांबचा प्रवास झाला असेल, ताण असेल, माणूस उताणा झोपला असेल. भूत बघायला आलेला पाहुणा दिवसभर गाडी चालवून आलेला असतो, मध्यरात्रीपर्यंत टूर करतो, मग छताकडे बघत उताणा पडून राहतो. निद्रा-पक्षाघाताची याहून चांगली तयारी कुणी करून देऊ शकणार नाही. पहाटेच्या सुमारास शरीराचं तापमानही दिवसभरातल्या सर्वांत खालच्या पातळीला येतं, मध्येच भरणाऱ्या गारठ्याला तेही एक कारण असावं.

शेजारी कुणीतरी असल्याची जाणीव मेंदू कशी बनवतो, यावर स्वित्झर्लंडमध्ये ओलाफ ब्लांके यांच्या गटाने केलेलं काम मला सर्वांत थक्क करणारं वाटतं. त्यांच्या २०१४ च्या प्रयोगात डोळे बांधलेला माणूस समोरचा एक यांत्रिक हात बोटाने हलवतो, आणि त्याच्या पाठीमागचा दुसरा यांत्रिक हात तसाच स्पर्श त्याच्या पाठीला करतो. दोन्ही हालचाली एकाच वेळी झाल्या तर माणसाला वाटतं, मीच माझ्या पाठीला हात लावतो आहे. पाठीवरचा स्पर्श अर्ध्या सेकंदाने उशिरा आला, की काहींना मागे दुसरं कुणीतरी उभं असल्याचं स्पष्ट जाणवतं. दोघांना ते इतकं असह्य झालं की त्यांनी प्रयोग थांबवायला सांगितला. म्हणजे माझं शरीर कुठे आहे आणि कोणती हालचाल माझी आहे, हा मेंदूचा हिशेब चुकला की माझ्याच शरीराची जाणीव मला परक्याची म्हणून भेटते. जाग आणि झोपेच्या सीमेवर हा हिशेब चुकणं अगदी सोपं आहे.

आरशाचंही थोडक्यात सांगतो. इटलीतले संशोधक जोव्हानी कापुतो यांनी २०१० मध्ये ५० जणांना मंद उजेडात दहा मिनिटं आरशात स्वतःकडे बघायला सांगितलं. निम्म्याहून जास्त लोकांना स्वतःचा चेहरा विद्रूप होताना दिसला, कुणाला अनोळखी माणूस, कुणाला वारलेले आईवडील दिसले. जुन्या हॉटेलच्या खोलीत पलंगासमोर मोठा आरसा असेल तर रात्री त्याच्यावर चादर टाकायला हरकत नाही.

रात्र काढायचीच असेल तर

जरूर जा. जुन्या इमारतीत, तिची गोष्ट माहीत असताना झोपणं हा सुंदर अनुभव आहे आणि भीतीची गोड शिरशिरी मी कुणाकडून काढून घेऊ इच्छित नाही. जमलं तर दोन रात्री राहा आणि दोन्हींची तुलना करा. पोचल्यावर दिवसाउजेडी खोलीतले आवाज ऐकून ठेवा: नळ, पाइप, खिडकीची चौकट, व्हरांड्यातली फळी. कुशीवर झोपा. उशाशी वही ठेवा आणि काही झालंच तर वेळ, तुम्ही कोणत्या अंगावर होता, हलता येत होतं का, एवढं लगेच लिहा. सकाळी नाश्त्याला दुसऱ्यांच्या गोष्टी ऐकल्यानंतर आपली आठवण त्यांच्या रंगात मिसळायला लागते.

शरीर जखडलंच, तर सगळं अंग हलवायची धडपड करू नका. पायाचा अंगठा किंवा हाताचं एक बोट हलवण्यावर लक्ष द्या, सावकाश श्वास सोडा. त्याने बऱ्याच जणांची सुटका लवकर होते. हे वारंवार होत असेल आणि त्यासोबत दिवसाही अनावर झोप येत असेल, तर झोपेच्या विकारांच्या डॉक्टरांना दाखवा. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलामुलींना हे कुणीतरी सांगायला हवं. अभ्यासाच्या जागरणांनंतर असा अनुभव आला की ती घाबरतात, घरी सांगत नाहीत, किंवा सांगितलं तर अंगारा-धुपारा सुरू होतो.

आणि एक गोष्ट घरासाठी

१९२१ मध्ये अमेरिकन डोळ्यांचे डॉक्टर विल्यम विल्मर यांनी एका कुटुंबाची हकिगत प्रसिद्ध केली. हे कुटुंब १९१२ मध्ये एका जुन्या मोठ्या घरात राहायला गेलं. थोड्याच दिवसांत सगळ्यांची डोकी दुखू लागली, मुलं निस्तेज झाली, रात्री पावलांचे आवाज येऊ लागले, मागून कुणीतरी चालत असल्यासारखं वाटू लागलं, माणसं दिसू लागली. शेवटी एका नातेवाइकाला विषारी वायूची शंका आली. तपासलं तर घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा धूर धुराड्यातून बाहेर न जाता खोल्यांत पसरत होता. त्यात कार्बन मोनॉक्साइड होता. भट्टी दुरुस्त झाली आणि भुतंही गेली.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो आणि मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो. डोकेदुखी, मळमळ, गोंधळ, भास, आणि मग मृत्यू. आपल्याकडे भट्टी नसते, पण बंद, छोट्या बाथरूममध्ये बसवलेला गॅस गिझर असतो, थंडीत बंद खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडी असते. त्यांनी माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात.

घरातल्या बऱ्याच जणांना एकाच वेळी त्रास होतो आहे, घरात असताना डोकं जड होतं, बाहेरगावी गेलं की बरं वाटतं आणि परत आलं की पुन्हा सुरू होतं, ही खूण ऐकली की लोक म्हणतात, वास्तूतच काहीतरी आहे, आणि देवऋषी शोधू लागतात. नेमकी हीच कार्बन मोनॉक्साइडचीही खूण आहे. अशा वेळी सगळ्यांनी लगेच घराबाहेर मोकळ्या हवेत या, निघता निघता जमलं तर गॅसचं उपकरण बंद करा, दारं-खिडक्या उघडा, आणि डॉक्टरकडे जाऊन या वायूची शंका स्पष्ट बोलून दाखवा, म्हणजे ते रक्ततपासणी करतील. गिझर बाथरूमच्या बाहेर हवेशीर जागी, धूर थेट घराबाहेर जाईल असा बसवून घ्या आणि त्याची दरवर्षी तपासणी करा. हा वायू ओळखून गजर करणारं छोटं यंत्र बाजारात मिळतं, ते घरात गॅस गिझर असणाऱ्या प्रत्येकाने लावावं.